कापडी अजदह्यासोबत पंचमीपर्यंत

चिपळूणहून बुलडाणा जिल्ह्यात सहज म्हणून कुणी जात नाही. गेलंच तर शेगावला दर्शनाला, नाहीतर लोणारचं तळं बघायला. मी मात्र श्रावणात तिकडे गेले ते एका सापाला सोबत घेऊन. परत आल्यापासून शेजारणी विचारतायत, काय पाहिलंस, काय खाल्लंस, एवढ्या लांब जाऊन केलंस काय? प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

साप कापडाचा होता, मीच शिवलेला. माझा धंदा ब्लाउज-परकर शिवण्याचा. आमच्या आळीतला अनंता शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने मुलांना गोष्टी सांगत हिंडायचं मनावर घेतलं आणि एक दिवस दारात येऊन म्हणाला, "मला एक लांबलचक साप शिवून दे. जगातले सगळे साप त्या एकात बसले पाहिजेत."

जुन्या साड्या एकमेकींना जोडून मी हिरवट-पिवळं धूड केलं. आत वेताची कडी घातली, कड्यांना बांबूच्या काठ्या लावल्या. धूड एकच, पण डोकी बरीच. कागदाच्या लगद्याची ती डोकी अनंताने केली आणि ती अडकवायला मी हूक शिवले. लांब मिशांचं डोकं लावलं की तो चीनचा ड्रॅगन, ढगात राहणारा, पाऊस पाडणारा. मिशा काढून पाठीला पंख जोडले की युरोपातला, तोंडातून आग ओकणारा, गुहेत सोन्यावर बसलेला. पिसांचा तुरा लावला की मेक्सिकोचा साप-देव. अंगावर सात रंगांची झूल टाकली की ऑस्ट्रेलियातला इंद्रधनुष्याचा साप, ज्याच्या सरपटण्याने नद्या झाल्या म्हणतात. अनंता गोष्ट सांगायचा, मी डोकं धरायची, आणि धूड त्या त्या शाळेतली मुलं पेलायची. चांगली वीस मुलं त्याच्या पोटात मावतात.

वरवट बकालचे गावंडे सर कोकणात सहलीला आले होते, त्यांनी हा खेळ पाहिला आणि नागपंचमीच्या आठवड्यात आपल्या भागात करा म्हणून मागे लागले. आधी धाड, मग मेहकर, शेवटी वरवट बकाल, असं ठरलं.

धाड

धाडला उतरलो तो बाजाराचा दिवस होता. श्रावण म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे लाल पाणी आणि न थांबणारी धार येते. इथला श्रावण निराळा. एक सर यायची, काळी माती चकचकीत करून जायची, आणि लगेच ऊन. सोयाबीन गुडघ्याएवढं वाढलेलं, आणि त्यावरून ढगांच्या सावल्या अशा सरकत होत्या की पाहता पाहता झोप यावी.

एसटीच्या टपावरून आम्ही गाठोडं उतरवलं. चहाच्या टपरीवरचे एक म्हातारे मियाँ उठून जवळ आले. गाठोड्यातून एक डोळा बाहेर आला होता, त्याच्याकडे निरखून बघत म्हणाले, "अजदहा हाय का हा?"

"साप आहे, चाचा. ड्रॅगन म्हणतात."

"तेच तं. अजदहा. माही दादी सांगे. एका फुंकरीत अख्खा काफिला गिळे म्हने." त्यांनी त्या डोळ्यावरून हलकेच बोट फिरवलं. "चांगला केला. चहा घ्या."

त्या दिवसापासून आमच्या सापाला अजदहा हेच नाव पडलं. इतकी वर्षं बिचारा बिननावाचाच होता.

आम्ही उतरलो होतो गावंडे सरांच्या ओळखीच्या सुलाकाकूंकडे. मोठं शेतकरी घर, चार सुना, अंगणात ट्रॅक्टर. जेवायला ज्वारीची भाकरी, बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि ठेचा. रस्सा असा झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि सगळ्या सुना तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. संध्याकाळी अनंता अंगणात तालीम करत होता. युरोपातल्या गोष्टीत शेवटी शूर सरदार येतो आणि भाल्याने ड्रॅगनला मारतो. मी गळ्यापाशी एक गुप्त खिसा शिवला आहे. भाला लागला की त्यातून लाल रेशमी कापड भळाभळा बाहेर येतं. आमच्याकडे मुलं त्या क्षणाला बाकावर उभी राहतात.

सुलाकाकू ओट्यावर गहू निवडत होत्या. लाल कापड बाहेर आलं तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"गोष्ट आहे काकू. तिकडच्या देशातली. तिकडे मारतात त्याला," अनंता म्हणाला.

"तिकडं मारा ना मंग. अठी काऊन मारता? पंचमी तोंडावर आली. या आठवड्यात आमी जमिनीले नांगर लावत नाई, कोन्या जिवाले धक्का नको म्हनून. अन् तुमी पोट्ट्यायसमोर नाग मारता?"

"नाग नाहीये हो तो. त्याला पंख आहेत."

"पंख लावले म्हनून का झालं?" काकू म्हणाल्या. "तोंड पाहा ना त्याचं."

अनंता रागावला. गोष्टीचा शेवट बदलायचा म्हणजे गोष्टच मोडायची, असं त्याचं म्हणणं. रात्री तो लवकर जेवून उठला. सकाळी मात्र शाळेच्या पटांगणात, सगळं गाव जमलेलं असताना, काकू पहिल्या रांगेत येऊन बसल्या. अनंताने भाला उचलला, ड्रॅगनच्या गळ्याशी नेला आणि तसाच थांबला. त्याचा हात हवेत, पोटातली वीस मुलं चिडीचूप. मागून एक बारकं पोरगं ओरडलं, "मार ना बे!"

सगळं पटांगण हसलं. अनंताही हसला. त्याने भाला खाली टाकला. मग सुलाकाकू उठल्या, शाळेच्या स्वयंपाकघरातून वाटीभर दूध घेऊन आल्या आणि माझ्या हातातल्या त्या कागदी जबड्यापुढे ठेवून मागे सरकल्या. मी डोकं खाली झुकवलं. पोटातल्या मुलांनी कुणी न सांगता धूड गोल वेटाळलं. युरोपातला सोन्यावर बसणारा ड्रॅगन धाडच्या शाळेत दुधाच्या वाटीभोवती वेटोळं घालून निजला, आणि टाळ्या थांबेनात.

"हे असंच ठेवू पुढं," जीपमध्ये बसताना अनंता पुटपुटला. हार मानताना तो नेहमीच पुटपुटतो.

मेहकर

चिखलीच्या पुढे पावसाने गाठलं. काळी-पिवळी जीपच्या टपावर बांधलेली ताडपत्री वाऱ्याने उडून गेली, आणि मेहकरला पोचेपर्यंत अजदहा शेपटीपर्यंत भिजला. डोकी आमच्या मांडीवर होती म्हणून वाचली. मेहकरच्या शाळेतला खेळ रद्द करावा लागला. मुलं हिरमुसली. अनंता त्यांना वर्गात बसवून नुसत्या डोक्यांवर गोष्टी सांगायला थांबला, आणि मी धूड वाळवायची जागा शोधत पैनगंगेवर गेले.

ऊन पडलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर मी ते ओलं धूड पसरलं. वरच्या पायरीपासून सुरू झालं ते वळणं घेत पार पाण्यापर्यंत पोचलं. वाफ निघायला लागली. मी त्याच्याशेजारी बसले आणि उसवलेल्या टाक्यांना सुई लावली. नदी भरलेली, गढूळ, अगदी सावकाश चाललेली. पलीकडच्या काठावर म्हशी उभ्या होत्या आणि त्यांच्या पाठीवर बगळे. मागे देवळातली घंटा अधूनमधून वाजायची, मग बराच वेळ काहीच नाही.

आंघोळीला आलेले एक आजोबा ओल्या धोतराने माझ्याजवळ उभे राहिले. "कोन्या देशाचा हाय?"

"सगळ्या देशांचा, आजोबा."

"सगळ्या देशात असतात?"

मी शिवता शिवता सांगत गेले. उत्तरेकडे बर्फाच्या देशात एक साप आहे, समुद्राच्या तळाशी. इतका वाढला की सगळ्या पृथ्वीला वेढा घालून त्याने आपलंच शेपूट तोंडात धरलंय. त्याने ते सोडलं की जग बुडणार. मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, एक अंधाराचा साप आहे. सूर्य रात्री होडीत बसून पाताळातून जातो तेव्हा तो त्याला गिळायला येतो, आणि रोज रात्री देवांना त्याच्याशी लढावं लागतं. जपानात एक आठ डोक्यांचा होता. त्याला आठ पिंपं दारू पाजून झोपवावं लागलं.

"आठ डोकी अन् आठ पिंपं," आजोबा म्हणाले. "बराबर हाय. नाहीतं आपसात भांडले असते." मग जरा विचार करून म्हणाले, "आपला शेष त्यायच्यापेक्षा बरा. डोक्यावर धरते सगळं, अन् कोनाले काही म्हनत नाही."

ते गेले. ऊन डोळ्यांवर आलं. मी पायरीला टेकले आणि मला झोप लागली असावी, कारण पाणी आणि धूड यांतला फरक कळेनासा झाला. वाटलं, पायऱ्यांवरचा अजदहा हळूच खाली सरकला आणि नदी झाला, आणि नदी वर चढून माझ्या मांडीपाशी येऊन निजली. चिपळूणच्या वाशिष्ठीसारखी ती घाईत नव्हती. तिच्या पोटात मुलं असल्यासारखी कुजबुज ऐकू येत होती. जाग आली तेव्हा कुणी बाई सापाच्या अंगावर जागोजागी कुंकू लावून गेली होती. ओल्या कापडात कुंकू पसरलं होतं. ते डाग आता धुऊनही जात नाहीत, आणि मी धुवायचं सोडूनही दिलंय.

वरवट बकाल

घाट उतरून खामगावच्या पुढे आलं की जमीन एकदम सपाट होते. दोन्हीकडे कपाशी, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, इतकी फिकट की पाहणाऱ्याला वाटावं आपल्या डोळ्यांचाच भास आहे. पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही वरवटला पोचलो. गावंडे सर फाट्यावर उभे होते. भिंतींवर बायका नागाची चित्रं काढत होत्या, गेरू आणि कोळशाने. आमच्याकडे मातीचा नाग विकत आणून पाटावर पुजतात आणि हळदीच्या पानात पातोळ्या करतात. इथे पंचमीला वारुळाला जायचं, आणि घरी चुलीवर तवा ठेवायचा नाही. पुरणाचे कानोले वाफेवर उकडायचे.

शाळेतला खेळ त्याच दुपारी होता. पोटात शिरायला मुलांची झुंबड उडाली. शेपटीची काठी रेणू नावाच्या मुलीने पटकावली. सातवीतली, दोन वेण्या, आवाज खणखणीत. चीनच्या ड्रॅगनने पाऊस पाडला, ऑस्ट्रेलियाच्या सापाने पटांगणात नदी काढली. मग मी पंख जोडले. अजदहा फूत्कार टाकत वळला, शेपटी स्वयंपाकघराच्या दारावरून गेली, आणि त्याच क्षणी आतून एक बाई धावत आली. हातात खिचडीचा झारा तसाच होता. तिने कापड वर केलं, रेणूचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. कड्यावर कडं पडलं आणि सगळं धूड जमिनीवर कोसळलं.

"माह्या पोरीले त्याच्या पोटात काऊन घातलं?" ती ओरडली. कुणाला विचारत होती कळलं नाही. मला, सरांना, की त्या कागदी डोक्याला.

 गावंडे सर धावत आले. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नंदाताई. शाळेत खिचडी शिजवतात. यांचे मिस्टर साप चावून गेले. मी आधी बोलायला पाहिजे होतं तुमच्याशी. डोक्यातच आलं नाही."

मुलांना वर्गात पाठवलं. नंदाताई तिथेच खाली बसल्या होत्या; मी डोकं ठेवलं आणि त्यांच्या बाजूला जमिनीवर बसले.  रेणू आईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

नंदाताईच बोलल्या. "हरभऱ्याले पानी द्याले गेले होते. थंडीत मोटरीची लाइन रातचीच असते ना. चावला ते समजलं बी नाई त्यायले, काटा लागला म्हने. वाटेतच गेले." त्यांनी झाऱ्याला लागलेली खिचडी बोटाने पुसली. "तवापासून मी वारुळाले जात नाई. बाया म्हनतात, जाय, नाहीतं कोपते. म्या म्हनलं, अजून काय कोपन?"

"आई," रेणू म्हणाली, "आत काहीच नाही वं. नुस्तं कापड हाय. साड्याच हायेत. आत एक तुह्या हिरव्या साडीसारखी बी हाय."

नंदाताईंनी धुडाकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "पाहू का?"

मी आणि अनंताने धूड उचललं, सरांनी आणि दोन शिक्षकांनी मधल्या काठ्या धरल्या. नंदाताई वाकून गळ्यापाशी आत शिरल्या. मी डोक्यापाशी होते, तिथून मला आतलं दिसत होतं. वरून ऊन येत होतं आणि साड्यांचे सगळे रंग त्यांच्या अंगावर पडले होते, हिरवा, पिवळा, मधेच मेहकरच्या कुंकवाचा तांबूस. त्या भराभर चालल्या नाहीत. एका जागी थांबून त्यांनी शिवणीवरून हात फिरवला, जशी एक बाई दुसरीच्या घरातलं लुगडं बघते. मग पुढे गेल्या, लहान होत गेल्या, आणि शेपटीतून बाहेर निघाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी डोळ्यांवर हात धरला. रेणू त्यांच्याकडे बघत होती. त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि राहिलेल्या मुलांना खिचडी वाढायला लागल्या.

संध्याकाळी सरांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. उद्याचा खेळ सगळ्या गावासमोर, पारापाशी होता. अनंता म्हणाला, रद्द करू. सर म्हणाले, लोक लांबून येणार आहेत. तेवढ्यात नंदाताई रेणूला घेऊन आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"पोरीनं सांगतलं, पुढं एक गोष्ट राह्यली होती. पंखवाल्याची. शेवटी काय होते तिच्यात?"

अनंता चाचरला. "आधी आम्ही त्याला मारायचो. धाडच्या काकूंनी सांगितलं म्हणून आता दूध पाजतो."

"दूध पाजता?"

"हो."

"लोकायचं त्यानं एवढं नुसकान केलं, गाव जाळलं, मानसं खाल्ले, अन् शेवटी त्यालेच दूध?"

 मला वाटलं, आता त्या मारा म्हणतील, आणि मी मनातल्या मनात लाल कापड त्या खिशात घडी करून ठेवलंसुद्धा. मारा म्हणाल्या असत्या तर आम्ही मारलं असतं. सगळ्या गावाने नावं ठेवली असती तरी.

"म्या इचार केला," नंदाताई म्हणाल्या. "मारू नका. मारून काय भेटते? पन दूध बी पाजू नका. त्याले हात जोडू नका. जाऊ द्या त्याले, त्याच्या वाटेनं. तो तिकडं, आपुन इकडं. बस."

"आणि रेणू?" मी विचारलं.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तिले शेपटीच पाह्यजे म्हनते. राहू द्या. म्या पाह्यलं आतून."

पंचमीच्या दिवशी सकाळी बायका नटून वारुळाला गेल्या आणि लाह्यांनी भरलेले पदर घेऊन परतल्या. झाडांना झोके बांधले होते. पोरी इतक्या उंच जात होत्या की त्यांचे पाय सातपुड्याच्या रेघेला लागतील असं वाटावं. सरांच्या बायकोने मला कानोल्यांवर तूप घालून दिलं, आणि खाताना मला माझ्या आईच्या पातोळ्यांची इतकी आठवण आली की मी दुसरा मागून घेतला. दुपारपर्यंत पार माणसांनी भरून गेला. पुढे मुलं, मागे बाप्ये, उजवीकडे बायका, छपरांवर मोबाइल धरलेली तरणी पोरं.

नंदाताई बायकांत नव्हत्या. त्या एका बाजूला, रस्त्याच्या कडेला एकट्या बसल्या होत्या. शाळेची भांडी घासून थेट आल्या असाव्यात, कारण पायाजवळ मोठी परात होती.

सगळ्या गोष्टी झाल्या. शेवटी पंख लावले. अनंताने भाला उगारला. छपरांवरच्या पोरांनी मोबाइल वर केले. त्याने भाला खाली टेकवला आणि म्हणाला, "जा. पुन्हा आमच्या वाटेला येऊ नकोस. आम्ही तुझ्या येणार नाही."

आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की अजदह्याला जायला जागाच नाही. चारी बाजूंनी माणसं गच्च बसलेली. मी डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं. पोटातली मुलं एकमेकांवर आदळायला लागली. लोकांना वाटलं, हा खेळच आहे. काही जण हात जोडायला लागले, एक म्हातारी कुंकवाचा करंडा काढून पुढे सरसावली.

नंदाताई उठून उभ्या राहिल्या. "सरका हो," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "वाट द्या त्याले."

गावात त्यांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं. म्हातारीने करंडा मिटला. माणसं उठली, मुलांना कडेवर घेऊन बाजूला झाली, आणि गर्दीतून एक वाट उघडली, सरळ गावाबाहेर कपाशीकडे जाणारी. मी चालायला लागले. मागे सळसळ येत होती, कापडाची आणि अनवाणी पायांची. कुणी टाळी वाजवली नाही. ढगातून ऊन खाली आलं होतं आणि पंखांची सावली दोन्हीकडच्या माणसांच्या अंगावरून सरकत होती.

नंदाताईंच्या समोरून जाताना मी डोकं झुकवलं नाही. झुकवायचं नाही, एवढं मला कळत होतं. पुढे वळणावर मान मागे करून पाहिलं. धूड त्यांच्या पुढून जात होतं, कड्यामागून कडं, आणि त्या तशाच ताठ उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत की पदरही सावरला नाही. शेवटी शेपटी आली. कापडाखाली रेणूचे पाय दिसत होते, तालात पडणारे. शेपटीचं टोक परातीत अडकणार असं वाटलं, तेव्हा नंदाताई वाकल्या आणि त्यांनी परात उचलून बाजूला घेतली.